खांबाखालच्या चपला

मोटारी बंद होत्या.

शिवारातल्या सगळ्या मोटारी एकाच वेळी बंद पडल्या की जी शांतता उरते, ती शहरातल्या माणसाला ठाऊक नसते. विहिरींच्या पोटातली घरघर थांबते. ठिबकच्या नळ्यांतली सळसळ थांबते. डोक्यावरच्या तारांची ती बारीक गुणगुण, जी आपण इतका वेळ ऐकत होतो हेही आपल्याला कळलेलं नसतं, तीसुद्धा थांबते. मग स्वतःच्या कानांतलं रक्त ऐकू येऊ लागतं.

त्या शांततेत अन्सारभाई एका खांबाच्या बुंध्याकडे बघत उभे होते.

बराच वेळ.

हे मी रचून सांगतो आहे असं कुणाला वाटत असेल, तर त्याने वाचणं इथेच थांबवावं. माझी तक्रार नाही. ज्याला शब्दांची ओढ असते, त्याच्या खऱ्या अनुभवावरही लोक कलाकुसरीचा संशय घेतात, आणि तो संशय अगदीच गैर असतो असं मी म्हणणार नाही. पण हे घडलं आहे. २००३ सालच्या एप्रिलमध्ये, निफाडच्या पुढे, गोदावरीच्या अंगाला असलेल्या एका द्राक्षशिवारात. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच राहतात.

आणि रात्री नाही.

लख्ख दुपारी.

मी तेव्हा मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. नोकरी मिळेना म्हणून सातपूरला वायरमनचा कोर्स केला आणि वीजतारांची कामं घेणाऱ्या एका ठेकेदाराच्या टोळीत शिकाऊ म्हणून लागलो. मुकादम अन्सारभाई. पन्नाशी उलटलेले, दाढी मेंदीने रंगवलेली, आवाज असा की तीन बागांपलीकडचा माणूस दचकावा. आणि हिरामण, पेठच्या डोंगरातला, माझ्याच वयाचा. तो खांबावर चढत नसे. खांबच त्याला अलगद वर उचलून घेत असे.

पहिल्याच दिवशी हिरामणने माझं बारसं केलं.

"भाई, आपल्याकडं ए.बी. स्विच व्हता, आता बी.ए. पण आला. ह्याला कुठं जोडायचा?"

"जमिनीला," अन्सारभाई म्हणाले. "पहिले अर्थिंग कर त्याची. लय हवेत असतो."

मग सगळे हसले. मीही हसलो.

त्याच दिवशी अन्सारभाईंनी मला टोळीचा नियम शिकवला. परवानगी, कुलूप, चुकून वीज आलीच तर ती जमिनीत उतरावी म्हणून तारांवर टाकायची साखळी हे सगळं होतंच. पण त्यांचा विश्वास होता तो चपलेवर. वर चढणाऱ्याने चपला खांबाच्या बुंध्याशी काढायच्या. टाचा खांबाकडे, पंजे बाहेर. उतरल्यावर आधी चपला घालायच्या, मग पाणी प्यायचं. जोवर एकाही खांबाखाली चपला आहेत, तोवर लाइन सोडायच्या हँडलला, म्हणजे त्या ए.बी. स्विचला, कुणी हात लावायचा नाही.

"थकलेला माणूस वरूनच 'उतरलो' म्हणून ओरडतो, बेटा," ते म्हणाले. "चप्पल नाय ओरडत."

शंका आलीच, तर खालून हाक द्यायची: वर कोण? वाऱ्यात बोलणं ऐकू येत नाही, म्हणून वरच्याने खांबाच्या लोखंडी आडव्या पट्टीवर पक्कड ठोकायची. दोनदा.

ज्या दुपारचं सांगतो आहे, त्या दिवशी सकाळपासून आम्ही आदल्या संध्याकाळच्या कोरड्या वादळात तुटलेल्या तारा ओढत होतो. मी शिवाररस्त्यावरच्या हँडलपाशी पहाऱ्याला होतो. हँडलला कुलूप, कुलपाची किल्ली सुतळीने माझ्या गळ्यात. दुपार कलायच्या आत काम संपलं. हिरामण उतरला, चपला घातल्या, पाणी प्यायला. साखळी काढली. अन्सारभाई शेवटची नजर टाकायला खांबाखांबाने चालत गेले.

आणि दौलतराव नावाच्या बागायतदाराच्या बागेतल्या खांबाशी थांबले.

मी हाक मारली. ते खालीच बघत राहिले. कुलूप ओढून बघितलं, मग मी आणि हिरामण त्यांच्याकडे गेलो.

खांबाखाली चपला होत्या.

टायरच्या तळाच्या, जुन्या. उजव्या चपलेचा अंगठा तुटलेला आणि तारेच्या तुकड्याने बांधलेला. टाचा खांबाकडे. पंजे बाहेर.

सभोवतालची माती तापून भेगाळली होती. चपला मात्र ओल्या होत्या... आत्ताच पाण्यातून काढाव्या तशा.

मी वर पाहिलं. आडवी पट्टी, तिच्यावर पांढरे इन्सुलेटर, तीन तारा. त्यांच्या वर नुसतं निळं, रिकामं आकाश.

वर कुणीही नव्हतं.

हिरामण मातीत बसला. त्या तारेने बांधलेल्या अंगठ्याला त्याने बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं.

"दादाच्या हायेत," तो म्हणाला.

भिका हा हिरामणचा मोठा भाऊ. याच टोळीत होता आणि आदल्या वर्षी लाइनवर गेला, इतकं मला माहीत होतं. तो याच खांबावर गेला, हे मला तेव्हा कळलं. अन्सारभाईंनी तुटक वाक्यांत सांगितलं. भिका वर असताना कुणीतरी हँडलचं कुलूप फोडलं आणि लाइन सोडली. भारनियमनाचे दिवस होते. पाण्यावाचून बागा वाळत होत्या, लोक पिसाळले होते. पोलीस आले तेव्हा खांबाखाली चपला नव्हत्या. चपला नव्हत्याच, तर वर माणूस आहे हे कुणाला कसं कळणार, असं सगळं गाव एका सुरात म्हणालं. हँडल कुणी ढकललं ते कुणीच पाहिलं नव्हतं.

"कमरेचा पट्टा जळला नाय त्याचा," अन्सारभाई म्हणाले. "म्हणून पडला नाय. संध्याकाळपर्यंत तसाच टांगलेला व्हता. खाली मोटारी चालू."

आणि तेवढ्यात...

ठक.

लोखंडावर लोखंड.

ठक.

आम्ही तिघांनीही वर पाहिलं. पट्टी रिकामी होती. अन्सारभाईंचे ओठ हलले. इतक्या वर्षांची सवय त्यांच्या भीतीहून जुनी असावी, कारण त्यांच्या तोंडून आपोआप निघालं,

"वर... कोण?"

ठक... ठक.

वारा नव्हता. बागेतलं एक पान हलत नव्हतं.

"बी.ए.," अन्सारभाई हळूच म्हणाले, "हँडलपाशी जा. किल्ली कुणाला द्यायची नाय. माझा बाप आला तरी नाय."

मी वळलो, तोच रस्त्यावर ट्रॅक्टरचा आवाज आला. दौलतराव आणि त्यांच्यामागे गावातली पाचसहा माणसं. दौलतराव धिप्पाड, धुळीने माखलेले अनवाणी पाय, हातात फवारणीची लांब पितळी नळी. त्यांची बाग नुकतीच छाटून झाली होती. छाटलेल्या वेलीला पाणी मिळालं नाही, तर पुढचं सगळं वर्ष जातं.

"काय रे, जेवण करून झोपले का काय तुम्ही? लाइन कधी सोडता?"

"सोडतो, भाऊ. थोडं थांबा."

"काय बघायचं राह्यलं आता? तारा जोडल्या ना?"

अन्सारभाईंनी खांबाच्या बुंध्याकडे बोट केलं.

दौलतरावांनी चपलांकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त कसं उतरलं ते मी पाहिलं. ते कुणाशी बोलत नव्हते. स्वतःशीच, अगदी हळू म्हणाले,

"ह्या तर... विहिरीत टाकल्या व्हत्या."



मागे उभी असलेली माणसं एकमेकांकडे पाहत नव्हती. प्रत्येक जण जमिनीकडे पाहत होता. ज्यांना ठाऊक नसतं, ती माणसं अशा वेळी चकित होतात. ती माणसं चकित झाली नव्हती.

"कुणी टाकल्या?" अन्सारभाईंनी विचारलं.

पितळी नळी हवेत सपकन फिरली. अन्सारभाईंच्या कानशिलावर बसली. दुसरा वार दातांवर. ते गुडघ्यांवर आले तरी दौलतराव मारतच राहिले, पाठीवर, खांद्यांवर, उचललेल्या हातावर. नळी वाकली. मी मध्ये पडलो, तेव्हा मागच्या दोघांनी मला धरलं. नेमकं याच वेळी त्यांना हात आठवले होते.

"विहिरीतून आल्या का? भूत आलं का?" दौलतराव धापा टाकत हसले. ते हसणं ऐकवत नव्हतं. "सालं चपलेला घाबरतात. ह्या घ्या, घातल्या मी! आता हाय का चप्पल खांबाखाली? हाय का?"

त्यांनी खरोखरच त्या ओल्या चपला पायांत सरकवल्या.

"उतरव, भाऊ," रक्ताने भरलेल्या तोंडाने अन्सारभाई म्हणाले. "तुझ्या पाया पडतो. त्या उतरव."

वरून आवाज आला.

ठक... ठक.

या वेळी तो सगळ्यांनी ऐकला. मला धरलेल्यांचे हात ढिले पडले.

"हिरामण!" मी ओरडलो.

तो कधीच उठून खांबाशी उभा होता. स्वतःच्या चपला त्याने नियमाप्रमाणे काढून ठेवल्या, टाचा खांबाकडे. वर बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. कुणीतरी उशिरा का होईना घरी आलं आहे, असा तो चेहरा होता.

"हिरामण, साखळी काढलीय! वर जाऊ नको!"

"दादा येकलाच हाय वर," तो म्हणाला. "सालभर."

आणि चढला. कमरेला पट्टाही न लावता.

तारा तेव्हा मेलेल्या होत्या. एक कुलूप आणि माझ्या गळ्यातली एक सुतळी, एवढ्याच दोन गोष्टी त्याच्या आणि मरणाच्या मध्ये होत्या. मी हँडलकडे धावलो. दौलतराव माझ्यामागे. धावता धावता मी मागे वळून पाहिलं. हिरामण पट्टीशी पोचला होता. त्याने हात पुढे केला होता... कुणाच्या तरी खांद्यावर ठेवावा तसा.

हँडलपाशी पोचून मी कुलूप मुठीत धरलं आणि पुन्हा पाहिलं.

पट्टी रिकामी होती.

हिरामण वर नव्हता. खाली नव्हता. खांबावर मधेही कुठे नव्हता.

अन्सारभाई रक्त थुंकत त्याला हाका मारत होते. उत्तर होतं ते फक्त लोखंडाचं.

ठक ठक... ठक ठक.

आता दोन पकडी वाजत होत्या. एक थांबली की दुसरी.

"पळाला तो डोंगऱ्या, पलीकडच्या अंगानं उतरून पळाला!" दौलतराव किंचाळले. कदाचित त्यांचा खरोखरच तसा समज झाला असेल. आजही मी त्यांना तेवढा संशयाचा फायदा देतो. "त्याच्या चपला फेका रे! काय न्हाई वर! सगळी नाटकं हायेत!"

कुणीतरी हिरामणच्या चपला लाथेने वेलींखाली उडवल्या.

दौलतरावांनी माझ्या गळ्यातली सुतळी धरून मला ओढलं. ती तुटेना. त्यांनी माझं डोकं हँडलच्या खांबावर आपटलं, मग पुन्हा आपटलं. सुतळी माझ्या मानेत रुतत गेली आणि अखेर तुटली. डोळ्यांत रक्त उतरलं होतं. त्यातून मी त्यांना कुलूप उघडताना पाहिलं. मी त्यांच्या पायांना मिठी मारली. त्या चपलांना माझा गाल लागला.

त्या बर्फासारख्या गार होत्या.

लाथेने मला दूर उडवून त्यांनी हँडल वर ढकललं.

शिवारातल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या.

ऑटोवर टाकलेल्या असतात त्या. वीज आली की आपोआप उठतात. ती शांतता फाटली आणि चहूबाजूंनी विहिरी घरघरू लागल्या, नळ्या फुसफुसल्या, आणि त्या कल्लोळात दौलतरावांच्या बागेतल्या खांबाच्या टोकावर एक निळा-पांढरा लोळ उठला. त्या उजेडात मला पट्टीवर माणूस दिसला.

एक नाही.

दोघं होते. एकाने दुसऱ्याचं मनगट धरलं होतं.

मग लोळ विझला. काहीतरी जड वस्तू द्राक्षांच्या मांडवावर कोसळली आणि मांडवाच्या तारा लांबवर झणझणल्या.

मी उठून तिकडे धावणार होतो. पण माझ्या शेजारी दौलतराव अजून उभे होते.

त्यांचा हात हँडलला होता. तो सुटत नव्हता.

तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज येत नव्हता. मानेच्या शिरा दोरांसारख्या ताठल्या होत्या. बोटांच्या पेरांतून धूर निघू लागला. मांस जळण्याचा वास मी तोवर कधी घेतला नव्हता. तो भूक चाळवणारा वास असतो, आणि हेच त्याचं सर्वांत भयंकर अंग आहे. मी मांडवाच्या टेकणाचा वाळलेला बांबू उपसला आणि त्यांच्या मनगटावर मारला. हाड मोडल्याचा आवाज आला. बोटं सुटली नाहीत. पुन्हा मारला. मनगट भलत्याच दिशेला वळलं, तरी बोटं हँडलवर तशीच. शेवटी मी हँडललाच बांबू लावला आणि सगळं अंग त्यावर टाकलं.

हँडल खाली आलं. मोटारी थांबल्या.

दौलतराव पडले नाहीत. हँडलला धरून तसेच टांगून राहिले. गावातली माणसं पळून गेली होती.

त्या दुसऱ्या शांततेत मांडवातून कण्हणं ऐकू आलं.

हिरामण जिवंत होता.

मी आणि अन्सारभाईंनी त्याला वेलींमधून सोडवलं. एक पाय मोडला होता, बरगड्या गेल्या होत्या. विजेने तो जळाला नव्हता. फक्त उजव्या मनगटाभोवती काळा, करपलेला पट्टा होता. नीट पाहिलं तेव्हा तो पट्टा नव्हता. चार बोटं आणि एक अंगठा होता.

नंतरची चौकशी जशी होते तशी झाली. हँडलची अर्थिंगची तार तुटलेली असावी, असं तपासणीला आलेल्यांनी सांगितलं. ती तार सकाळी अन्सारभाईंनी माझ्यादेखत ओढून पाहिली होती. टायरचा तळ असूनही वीज कशी गेली, या प्रश्नावर ते म्हणाले, चपला ओल्या होत्या. चपला ओल्या का होत्या, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. त्या दौलतरावांच्या तळपायांत वितळून गेल्या होत्या. वेगळ्या करता आल्या नाहीत. तशाच चितेवर गेल्या, असं ऐकलं.

भिकाच्या वेळी हँडल कुणी ढकललं होतं, हे गाव पुढेही बोललं नाही.

अन्सारभाईंनी काम सोडलं. मीही सोडलं. आता एका शाळेत मराठी शिकवतो. खांबाकडे शक्यतो पाहत नाही. वीज गेली आणि घरातला पंखा थांबला की मात्र मी बोलत राहतो. कुणाशीही, कशाबद्दलही. पंखा पुन्हा सुरू होईपर्यंत.

हिरामण मला पुढे एकदाच भेटला. २००८ साल असेल. सातपूरला एका कारखान्याच्या फाटकासमोर, चहाच्या टपरीवर. तिथे तो पहारेकऱ्याचं काम करत होता. जरा लंगडत होता. मला पाहून हसला.

"काय बी.ए., झाली का अर्थिंग?"

आम्ही चहा घेतला. पेठकडच्या पावसाचं बोललो, त्याच्या मुलीच्या शाळेचं बोललो. घरी त्याने दादाचा फोटो लावला नव्हता, हे त्याने आपणहून सांगितलं. का ते सांगितलं नाही.

त्याची बाही वर सरकली होती. ती बोटं अजून तिथेच होती. पाच वर्षांत फिकी झाली नव्हती.

पाच वर्षं मी एकच गोष्ट मनात घोळवत आलो होतो. त्या उजेडात मी जे पाहिलं ते एका क्षणाचं होतं. एकाने दुसऱ्याचं मनगट धरलेलं. पण धरण्याचे दोन अर्थ असतात. जळत्या तारेपासून मागे खेचायलाही माणूस असंच धरतो. आणि तारेकडे ओढून घ्यायलाही.

"हिरामण," मी म्हणालो, "एकच विचारतो. वर दादा तुला सोडवत होता, की..."



कारखान्याची पाळी सुटल्याचा भोंगा झाला, फाटकातून माणसांचा लोंढा बाहेर आला. हिरामणने अर्धा चहा टपरीच्या फळीवर ठेवला. बाही मनगटापर्यंत खाली ओढली, तिचं बटण लावलं.

मग वळला आणि लंगडत त्या गर्दीत चालत गेला.